साइटवर अचानक ‘नॉट सिक्युअर’? ऑटो-एसएसएल कुठे अडलंय ते स्वतः शोधा

व्हिडिओत आपण सी-पॅनेल उघडून सगळं स्क्रीनवर पाहिलं. इथे तेच जरा सविस्तर लिहून ठेवतोय, कारण खरी वेळ येते तेव्हा व्हिडिओ मागे-पुढे करत बसायला कुणाला सवड नसते.

वेळ कशी येते बघा. तुम्ही ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर साइटची लिंक पाठवता. तो उघडतो तर समोर लाल त्रिकोण आणि ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. खाली बारीक अक्षरांत असतं की कुणीतरी तुमचे पासवर्ड किंवा कार्डाची माहिती चोरायचा प्रयत्न करत असेल. हे वाचल्यावर ग्राहक तुम्हाला फोन करून विचारत नाही, गपचूप दुसरीकडून माल मागवतो. चार दिवसांनी एखादा ओळखीचा विचारतो, “अहो, तुमची साइट हॅक झालीये का?” तेव्हा कुठे तुम्हाला पत्ता लागतो.

मग तुम्ही होस्टिंग कंपनीच्या चॅटवर जाता. पलीकडून उत्तर येतं, “सर, एसएसएल एक्स्पायर झालंय, नवीन घ्यावं लागेल,” आणि सोबत काही हजारांचं कोटेशन. क्वचित तसं करावं लागतंही. पण तुमच्या होस्टिंगमध्ये सी-पॅनेल असेल, तर बहुधा त्यात ऑटो-एसएसएल फुकट मिळालेलं असतं. ते दर थोड्या महिन्यांनी स्वतःच नवं सर्टिफिकेट आणून बसवतं. आज ते बसलं नाही, याचा अर्थ मध्ये कुठेतरी अडलं. कुठे अडलं ते शोधायला अर्धा तास लागतो. तेवढा द्या, मग पैशांचं ठरवा.

आजचा बिघाड, दोन महिन्यांपूर्वीचं कारण

“पण मी तर काहीच बदललं नाही!” हे वाक्य प्रत्येक जण म्हणतो, आणि खरंच बोलत असतो. काल त्याने काहीच बदललेलं नसतं. प्रश्न कालचा नसतोच.

लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेट देणारी सर्वांत मोठी संस्था. ना-नफा तत्त्वावर चालते, २०१५च्या डिसेंबरमध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. तिचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवस चालतं. मुदत संपण्याच्या काही दिवस किंवा काही आठवडे आधीपासून होस्टिंगचं सॉफ्टवेअर नवं आणायच्या मागे लागतं. नाही मिळालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मागतं. या सगळ्या काळात जुनं सर्टिफिकेट चालूच असतं, म्हणून बाहेरून काही दिसत नाही.

आता समजा तुमचा देवगडच्या हापूसचा धंदा आहे. ५ जानेवारीला सर्टिफिकेट मिळालं. २० जानेवारीला साइटवर स्पॅम फॉर्म यायला लागले म्हणून वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने सिक्युरिटी प्लगइन टाकला आणि भारताबाहेरून येणारी सगळी वाहतूक बंद केली. हेतू चांगला होता, स्पॅमही थांबलं. फेब्रुवारी निवांत गेला. मार्चमध्ये नवं सर्टिफिकेट आणायचे प्रयत्न सुरू झाले आणि रोज फसत राहिले. ५ एप्रिलला, ऐन सीझनमध्ये, पेट्यांच्या ऑर्डरी रोज येत असताना साइट लाल. जानेवारीतला तो प्लगइन एप्रिलमध्ये कुणाच्या लक्षात राहणार?

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला असा विचारा: गेल्या तीन-चार महिन्यांत साइटचं, डोमेनचं, होस्टिंगचं, ई-मेलचं काय काय हललं? होस्टिंग बदललं का? ई-मेल गूगलकडे किंवा झोहोकडे नेला का? क्लाउडफ्लेअर लावलं का? नवी साइट बनवून घेतली का? एखादा प्लगइन? कागदावर लिहा. ज्याने साइट केली त्याला फोन करून त्याच्याकडूनही लिहून घ्या. पुढची सगळी शोधाशोध या कागदाच्या आधाराने करायची आहे.

मार्चमधल्या त्या फसलेल्या प्रयत्नांचा ई-मेल कुणालातरी जात होता का? बहुधा हो. सी-पॅनेल अशी सूचना ‘काँटॅक्ट इन्फर्मेशन’मध्ये लिहिलेल्या पत्त्यावर पाठवतं. तिथे कुणाचा पत्ता आहे ते आत्ताच बघा. बऱ्याच साइटींवर तो तीन वर्षांपूर्वी काम सोडून पुण्याला गेलेल्या डिझायनरचा असतो. लेट्स एन्क्रिप्ट स्वतः पूर्वी मुदत संपण्याआधी आठवणीचा ई-मेल पाठवायचं, तेही जून २०२५पासून बंद झालंय.

पडताळणी होते कशी

पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन आठवा. अर्ज तुम्ही करता, पण दिलेल्या पत्त्यावर तुम्ही खरंच राहता का हे बघायला माणूस घरी येतो. घर बदललं असेल, वॉचमनने गेटवरूनच परत पाठवलं असेल, नाहीतर दाराला कुलूप असेल, तर शेरा प्रतिकूल. तुमची कागदपत्रं कितीही चोख असोत.

सर्टिफिकेटचं तसंच आहे. होस्टिंगचं सॉफ्टवेअर अर्ज करतं. सर्टिफिकेट देणारी संस्था म्हणते, “हे डोमेन तुमच्या ताब्यात आहे ना? मग मी सांगते ती छोटी फाइल तिथे ठेवून दाखवा.” सॉफ्टवेअर तुमच्या साइटच्या ‘डॉट वेल-नोन’ नावाच्या फोल्डरमध्ये ती फाइल ठेवतं. मग संस्थेची यंत्रं इंटरनेटवरून, साध्या एचटीटीपीने, म्हणजे ८० नंबरच्या पोर्टवरून, तुमच्या डोमेनवर येतात आणि फाइल वाचून बघतात. दिसली की सर्टिफिकेट मिळतं. दुसरी पद्धत म्हणजे डोमेनच्या डीएनएसमध्ये ठरावीक मजकुराची टीएक्सटी नोंद करून दाखवायची.

या पडताळणीला सी-पॅनेलमध्ये ‘डीसीव्ही’ म्हणतात. एररमध्ये ही तीन अक्षरं दिसली की समजायचं, माणूस घरापर्यंत पोचला नाही किंवा पोचून परत गेला.

आधी पाटी नीट वाचा

सी-पॅनेल उघडण्याआधी दोन मिनिटं ब्राउझरला द्या. दुसऱ्या एखाद्या फोनवर, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, तीच साइट उघडा. तिथे व्यवस्थित उघडली तर दोष साइटमध्ये नाही. पहिल्या कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलेलं असेल, ऑफिसचा अँटिव्हायरस मध्ये पडत असेल, किंवा फोनच फार जुना असेल. अँड्रॉइड ७.०पर्यंतच्या फोनना लेट्स एन्क्रिप्टचं मूळ सर्टिफिकेट ओळखता येत नाही. त्याला तुमच्याकडे इलाज नाही, सोडून द्या.

सगळीकडे लाल असेल तर एररच्या खालची मोठ्या इंग्रजी अक्षरांतली ओळ वाचा. ‘डेट इनव्हॅलिड’ असेल तर मुदत संपलीये, म्हणजे नूतनीकरण अडलंय. ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ म्हणजे सर्टिफिकेट आहे, पण दुसऱ्याच नावाचं. बहुतेकदा साइट तीन डब्ल्यू लावून उघडते आणि न लावता उघडत नाही, किंवा उलट. ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ म्हणजे ब्राउझर ज्याला ओळखत नाही अशाने दिलेलं सर्टिफिकेट. सर्व्हरने तात्पुरतं स्वतःच बनवून घातलेलं सर्टिफिकेट असेल तर हे दिसतं.

या पाटीचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. पुढे सपोर्टला पाठवायला लागेल.

आणि एक विनंती. ग्राहकाला “अ‍ॅडव्हान्स्ड दाबा आणि पुढे जा, काही होत नाही” असं कृपा करून सांगू नका. तुमच्या साइटवर कदाचित काही होणार नाही. पण हीच सवय घेऊन तो उद्या बँकेच्या नावाने बनवलेल्या खोट्या साइटवरही पुढे जाईल.

सी-पॅनेलमधली लाल कुलपं

आता सी-पॅनेलमध्ये ‘सिक्युरिटी’ विभागात ‘एसएसएल/टीएलएस स्टेटस’ उघडा. तुमच्या डोमेनची एक लांबलचक यादी दिसेल. मूळ नाव, तीन डब्ल्यूवालं, आणि त्यापुढे ‘मेल’, ‘वेबमेल’, ‘सी-पॅनेल’, ‘वेबडिस्क’, ‘ऑटोडिस्कव्हर’ अशी जोडून तयार झालेली नावं. प्रत्येकाशेजारी कुलूप, काही हिरवी, काही लाल.

इथे घाबरायचं कारण नाही. ‘वेबडिस्क’ तुम्ही आयुष्यात वापरलं नसेल, तर त्याचं कुलूप लाल असल्याने ग्राहकाला काही फरक पडत नाही. ज्या नावांना कधीच सर्टिफिकेट लागणार नाही, ती तिथल्या ‘एक्सक्लूड’ने वगळून टाका. यादी छोटी झाली की खरी तक्रार दिसते. आपल्याला तीन नावांशी मतलब: मूळ, तीन डब्ल्यूवालं आणि ‘मेल’.

लाल कुलपाशेजारचा मजकूर पूर्ण वाचा. भाषा रुक्ष आहे, पण ती नेमकं सांगते. ‘डझ नॉट रिझॉल्व्ह टू एनी आयपी अ‍ॅड्रेसेस’ म्हणजे त्या नावाची डीएनएसमध्ये नोंदच नाही. ‘४०४’ म्हणजे यंत्र एका सर्व्हरवर पोचलं, पण फाइल सापडली नाही. असं झालं तर ते मुळात दुसऱ्याच सर्व्हरवर गेलं असेल. ‘४०३’ म्हणजे बरोबर दारात आलं आणि वॉचमनने हाकललं. ‘टाइमआउट’ म्हणजे कुणी दारच उघडलं नाही, फायरवॉल बघा.

‘रन ऑटो-एसएसएल’ हे बटण तिथेच आहे, पण कारण न काढता ते दाबू नका. लेट्स एन्क्रिप्टची मर्यादा आहे: एका नावाची पडताळणी एका तासात पाच वेळा फसली की पुढचे प्रयत्न ती काही काळ घेतच नाही. तेच नावांचं जोडपं असलेलं सर्टिफिकेट सात दिवसांत पाचपेक्षा जास्त वेळा मिळत नाही, ते वेगळंच. लिफ्ट येत नाही म्हणून बटण दाबत राहणारी माणसं असतात ना, इथे तसं केलं तर लिफ्ट खरंच बंद होते.

नाव कुठे बोट दाखवतंय?

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथेच द्यायला हवा. डोमेन आणि होस्टिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या पहिल्या व्हिडिओपासून सांगतोय. डोमेन म्हणजे नाव, होस्टिंग म्हणजे जागा. नाव कुठल्या जागेकडे बोट दाखवतं ते डीएनएस ठरवतं. पडताळणीचा माणूस डीएनएसला विचारूनच निघतो.

सी-पॅनेलच्या मुख्य पानावर उजव्या बाजूला ‘शेअर्ड आयपी अ‍ॅड्रेस’ लिहिलेला असतो. तो आकडा कागदावर घ्या. मग विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एनएसलुकअप’, एक जागा, आणि तुमचं डोमेन असं इंग्रजीत टाइप करा. जे उत्तर येईल ते कागदावरच्या आकड्याशी ताडून बघा. तीन डब्ल्यू लावून एकदा आणि न लावता एकदा, दोन्ही वेळा.

आकडे जुळले नाहीत तर अर्धं उत्तर मिळालं. क्लाउडफ्लेअर लावलेलं असेल तर ते जुळणारच नाहीत, त्याबद्दल खाली येतोच. नसेल लावलेलं, तर तुमची साइट सध्या दुसरीकडेच राहतेय. कदाचित नव्या होस्टिंगवर गेली आणि तुम्ही अजून जुनंच सी-पॅनेल उघडून बसलाय. असं होतं, कारण जुन्या होस्टिंगचे पैसे वर्षाचे भरलेले असतात आणि लॉगिन अजून चालतं. मग जुन्या घरातली लाल कुलपं विसरा, नव्या घरी जाऊन बघा.

आकडे जुळतात आणि तरीही अडतंय? मग ‘एएएए’ नोंद शोधा. साधी ‘ए’ नोंद जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता सांगते, आणि चार ए-वाली नव्या पद्धतीचा, आयपीव्ही६चा. होस्टिंग बदलताना लोक ‘ए’ बदलतात आणि चार ए-वाली जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवत तशीच राहते. लेट्स एन्क्रिप्ट दोन्ही पत्ते असतील तर आधी आयपीव्ही६च्या पत्त्यावर जातं. तुमच्या नेटवर आयपीव्ही६ नसेल तर तुम्हाला साइट छान दिसते, आणि पडताळणी मात्र जुन्या घराचं दार वाजवत राहते. नव्या होस्टिंगने आयपीव्ही६ दिलेलं नसेल तर ती जुनी नोंद काढून टाका.

नोंद बदलायची कुठे, यातही लोक फसतात. सी-पॅनेलमध्ये ‘झोन एडिटर’ आहे म्हणून तिथे बदल करतात आणि दोन दिवस वाट बघतात. पण डोमेनचे नेमसर्व्हर जर डोमेन विकणाऱ्या कंपनीचे किंवा क्लाउडफ्लेअरचे असतील, तर सी-पॅनेलमधली वही कुणी उघडतच नाही. आधी नेमसर्व्हर कुणाचे आहेत ते बघा, आणि बदल त्यांच्याकडे जाऊन करा. टीएक्सटी नोंदीची जी दुसरी पद्धत आहे, तीही याच कारणाने अशा डोमेनवर ऑटो-एसएसएलला आपोआप जमत नाही.

डीएनएसमध्येच ‘सीएए’ नावाची एक दुर्मीळ नोंद असते. माझ्या डोमेनला सर्टिफिकेट फक्त अमुक संस्थेनेच द्यावं, असं ती सांगते. सप्टेंबर २०१७पासून प्रत्येक संस्थेला ती तपासावीच लागते. ही नोंद मुळीच नसेल तर कुणीही सर्टिफिकेट देऊ शकतं. पण पूर्वी कुणीतरी एका कंपनीचं नाव घालून ठेवलं असेल, आणि तुमचं होस्टिंग आता लेट्स एन्क्रिप्टकडून सर्टिफिकेट आणत असेल, तर नकारच मिळणार. नोंदीत लेट्स एन्क्रिप्टचं नाव वाढवा, किंवा गरज नसेल तर नोंदच काढा.

एक अगदी साधी शंका राहिली: डोमेनचीच मुदत संपली नाही ना? हसू नका. सर्टिफिकेटच्या मागे दोन तास घालवल्यावर हे लक्षात आलेले लोक आहेत.

दारावरचा वॉचमन

पत्ता बरोबर असेल तर आता दाराशी जा. एक छोटी चाचणी करा. सी-पॅनेलच्या फाइल मॅनेजरमध्ये आधी सेटिंग्जमधून लपलेल्या फाइल दाखवा, कारण ‘डॉट वेल-नोन’ टिंबाने सुरू होतं आणि एरवी दिसत नाही. त्यातल्या ‘अ‍ॅक्मे-चॅलेंज’ फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल बनवा, आत एक शब्द लिहा. फोल्डर नसेल तर तयार करा. मग फोनवर, सुरुवातीला एचटीटीपी लिहून, त्या फाइलचा पूर्ण पत्ता उघडा. तुमचा शब्द दिसला तर वाट मोकळी आहे. लॉगिनचं पान, ‘लवकरच येत आहोत’चं पान, वर्डप्रेसचं ‘पान सापडलं नाही’ किंवा दुसरीच साइट उघडली, तर तेच पडताळणीच्या यंत्रालाही दिसतंय.

कारण बहुधा साइटच्या ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ फाइलमध्ये असतं, किंवा सिक्युरिटी प्लगइनमध्ये. एचटीटीपीवरून त्याच नावाच्या एचटीटीपीएसवर नेणारा रीडायरेक्ट लेट्स एन्क्रिप्टला चालतो, आणि तिथलं सर्टिफिकेट मुदत संपलेलं असलं तरी ते अडून बसत नाही. अडतं ते भलत्याच डोमेनवर पाठवणाऱ्या रीडायरेक्टने, फोल्डरला पासवर्ड लावल्याने, आणि टिंबाने सुरू होणारं सगळं बंद करणाऱ्या नियमाने. ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ला हात लावण्याआधी तिची एक प्रत डाउनलोड करून ठेवा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर पूर्ण साइट झोपते.

आता हापूसवाल्याकडे परत येऊ. तो ही चाचणी देवगडात बसून करेल तेव्हा शब्द व्यवस्थित दिसेल! कारण त्याचा प्लगइन भारतातल्या माणसाला अडवतच नाही. पडताळणीची यंत्रं मात्र परदेशातून येतात. शिवाय लेट्स एन्क्रिप्ट २०२०पासून एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणांहून तपासतं, म्हणजे कुणी एकाच वाटेवर फसवाफसवी करू नये. त्यामुळे “अमेरिका चालू करतो, बाकीचे देश बंद ठेवतो” हेही भरवशाचं नाही. ती यंत्रं कुठून येतील त्याची यादी संस्था देत नाही, आणि मुद्दामच देत नाही. उपाय असा: देशबंदी ठेवायचीच असेल तर ती लॉगिनच्या पानापुरती किंवा फॉर्मपुरती ठेवा, ‘डॉट वेल-नोन’ला तिच्यातून सूट द्या. प्लगइनमध्ये अशी सूट द्यायची सोय नसेल तर प्लगइन बदला. स्पॅमसाठी फॉर्मवर कॅप्चा लावला तरी पुष्कळ फरक पडतो.

क्लाउडफ्लेअर लावलं असेल तर

क्लाउडफ्लेअरमध्ये नारिंगी ढग चालू असेल तर ग्राहकाला दिसतं ते क्लाउडफ्लेअरचं सर्टिफिकेट. तुमच्या होस्टिंगचं मागे झाकलेलं असतं. ते संपलं तरी ब्राउझरची लाल पाटी येत नाही. मोड ‘फुल स्ट्रिक्ट’ असेल तर क्लाउडफ्लेअरचंच ‘५२६’ नंबरचं एरर पान येतं. ते दिसलं की समजा, मागच्या बाजूचं सर्टिफिकेट गेलं.

घाईत काही जण मोड ‘फ्लेक्सिबल’ करतात आणि साइट उघडली म्हणून खूश होतात. त्यात क्लाउडफ्लेअर ते तुमचा सर्व्हर हा टप्पा उघडा राहतो, कुलूप फक्त ग्राहकाला दाखवण्यापुरतं. ग्राहकाचा पत्ता, फोन, ऑर्डर तुम्ही घेत असाल तर हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वर सर्व्हरवर एचटीटीपीएसची सक्ती असेल तर साइट गोल गोल फिरत राहते आणि ब्राउझर ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ म्हणतो.

त्यापेक्षा क्लाउडफ्लेअरचं ‘ओरिजिन सर्टिफिकेट’ घेऊन सी-पॅनेलमध्ये बसवा. फुकट आहे आणि १५ वर्षांपर्यंतचं मिळतं. फक्त ते क्लाउडफ्लेअरलाच मान्य असतं. उद्या ढग बंद केला की ब्राउझर ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ म्हणणार, हे कागदावर लिहून ठेवा.

विकत घेतलेलं जुनं सर्टिफिकेट

कधी कधी सगळं बरोबर असतं आणि तरी ऑटो-एसएसएल हलत नाही. अशा वेळी जुनं सर्टिफिकेट कुणी दिलेलं होतं ते बघा. दोन वर्षांपूर्वी विकत घेऊन बसवलेलं असेल तर ऑटो-एसएसएल त्याला सहसा हात लावत नाही. दुसऱ्याने बसवलेलं सर्टिफिकेट बदलायची मुभा होस्टिंग कंपनीच्या बाजूला एका सेटिंगने द्यावी लागते. ती नसेल तर मुदत संपलेलं सर्टिफिकेट जागा अडवून बसतं. सी-पॅनेलच्या ‘मॅनेज एसएसएल साइट्स’मधून ते काढा आणि मग ‘रन ऑटो-एसएसएल’ दाबा. नाहीतर सपोर्टला तेवढंच सांगा.

मग विकतचं घ्यावं का? फुकटच्या आणि विकतच्या सर्टिफिकेटने माहिती सारखीच कुलूपबंद होते. पूर्वी महागड्या सर्टिफिकेटने पत्त्याच्या पट्टीत कंपनीचं नाव हिरव्या रंगात यायचं. क्रोम आणि फायरफॉक्सने ते २०१९मध्येच काढून टाकलं. एखादी मोठी कंपनी किंवा सरकारी टेंडर कागदावर तशी अट घालत असेल तर गोष्ट वेगळी. आंबे, साड्या, मसाले, क्लासची फी, यासाठी फुकटचं पुरतं.

आणखी एक हिशेब बघा. “वर्षाचं घ्या, वर्षभर बघायला नको” असं विकणारा सांगतो. पण विकतच्या सर्टिफिकेटचीही कमाल मुदत आता उतरत चाललीये. ३९८ दिवसांची मर्यादा १५ मार्च २०२६पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९पासून ४७ दिवस, असं ब्राउझर आणि सर्टिफिकेट कंपन्यांच्या मंडळाने एप्रिल २०२५मध्येच ठरवलंय. म्हणजे पैसे वर्षाचे भरले तरी वर्षातून अनेकदा नवं बसवावं लागणार. हाताने ते कोण करणार? तिथेही शेवटी आपोआप बसवण्याचीच सोय लागेल, आणि ती अडली तर कारणं हीच असतील.

सपोर्टला काय लिहायचं

“एसएसएल चालत नाही, लवकर करा” असं लिहिलं की तिकडून कॉपी-पेस्ट उत्तर येतं. त्याऐवजी असं लिहा: “माझ्या अमुक डोमेनच्या तीन डब्ल्यूवाल्या नावाचं सर्टिफिकेट ५ एप्रिलला संपलं. डीएनएस तुमच्याच आयपीकडे आहे, तपासलं. चार ए-वाली नोंद नाही. सीएए नोंद नाही. वेल-नोनमधली चाचणी फाइल एचटीटीपीवर दिसते. एसएसएल स्टेटसमध्ये सोबतचा एरर येतो. कृपया ऑटो-एसएसएलचा लॉग बघून पडताळणी नेमकी कुठे फसते ते कळवा.” सोबत दोन्ही स्क्रीनशॉट. लॉग त्यांच्याकडे असतो, तो सांगायला ते टाळू शकत नाहीत. इंग्रजीत लिहायचं असेल तर हाच क्रम ठेवा.

‘मेल’वाल्या नावाबद्दल मात्र वेगळं लिहा. साइट दुसरीकडे गेली आणि ई-मेल जुन्याच सर्व्हरवर राहिला, की आउटलुकमध्ये रोज सर्टिफिकेटची सूचना येऊ लागते आणि ऑफिसातले लोक रोज ‘येस’ दाबतात. तिथे सर्व्हरच्या खान्यात तुमच्या डोमेनऐवजी होस्टिंग कंपनीने दिलेलं सर्व्हरचं मूळ नाव टाकलं तर बहुतेकदा प्रश्न सुटतो.

कुलूप परत आल्यावर

नवी तारीख दिसली की दोन्ही नावांनी, फोनवर आणि कॉम्प्युटरवर, साइट उघडून बघा. सर्टिफिकेट ठीक असून कुलपाऐवजी इशारा येत असेल तर एखादा फोटो किंवा स्क्रिप्ट अजून एचटीटीपीच्या पत्त्यावरून येतेय. ते पान शोधून पत्ता बदला. केलेले सगळे बदल तारखेसकट त्या कागदावर लिहा.

आणि ऑनलाइन पैसे घेत असाल तर त्याच दिवशी आणखी एक काम करा. सर्टिफिकेट बंद असताना काही ग्राहक इशारा ओलांडून आत आलेले असतात आणि त्यांनी पैसेही भरलेले असतात. पैसे मिळाल्याचा निरोप पेमेंट गेटवे तुमच्या साइटला पाठवतो, आणि सर्टिफिकेट खराब असेल तर तो निरोप पोचत नाही. पैसे तुमच्याकडे जमा, ऑर्डर मात्र ‘पेंडिंग’. गेटवेच्या डॅशबोर्डवर त्या चार-पाच दिवसांतले यशस्वी व्यवहार उघडा, साइटवरच्या पेंडिंग ऑर्डरी शेजारी ठेवा आणि एकेक जुळवा. ज्यांची पेटी राहिलीये त्यांना आजच फोन करा.